चौथ्या चित्रातली भिंत

आमच्या घराचं काय करायचं ते ठरवायला एक मुलगी आली होती. बोटाबोटांत अंगठ्या, केस कानापर्यंत कापलेले, आणि भिंतींकडे अशी निरखून बघायची, जणू भिंतींसाठी स्थळ घेऊन आली आहे. नाव सांगितलं होतं तिनं, पण माझ्या लक्षात राहिलं नाही. मी तिला चित्रवाली म्हणायला लागले, कारण आल्या आल्या तिनं टेबलावरची भांडी बाजूला सारून चित्रं मांडली.

"आई, घाई नाही," मुलगा म्हणाला. "तू नुसतं बघ. आवडलं तर हो म्हण, नाही आवडलं तर नाही म्हण."

"चालेल," मी म्हणाले.

मुलानं सुनेकडे बघितलं, सुनेनं चित्रवालीकडे. माझ्या तोंडून हा शब्द या घरात कुणी ऐकला नव्हता. मी जन्मभर भाजीवाल्याला भाजी परत केली, शिंप्याला शिवण उसवायला लावली, डॉक्टरला औषध बदलायला लावलं. पण हे गेले आणि मला काही परत करावंसं वाटेना. समोर येईल ते घ्यायचं, गिळायचं. सगळा जन्म चुलीपुढे गेला, आणि आता भाजीत मीठ आहे की नाही ते मला कळत नव्हतं. परवा तव्याला बोट लागलं, ते फोड आल्यावर समजलं.

मी रडले नव्हते. घरातले वाट बघत होते. गॅसवरच्या दुधाकडे बघावं तसे माझ्याकडे बघायचे, आता वर येईल, मग वर येईल. दूध काही वर येईना. शेवटी मुलानं शोध लावला की घर बदललं की आईचं मन बदलेल. त्याच्या डोक्यात असे शोध बापाच्या बाजूनं आलेत.

पहिलं चित्र 'मिनिमल'. पांढऱ्या भिंती, एक सोफा, एक कुंडी.

"माणसं यायची आहेत का अजून राहायला?" मी विचारलं.

"नाही हो काकू, राहतात की इथे."

"मग त्यांचे कपडे, भांडी, औषधं?"

"आत. सगळं आत असतं."

दुसरं 'इंडस्ट्रियल'. उघड्या विटा, डोक्यावरून गेलेले पाइप, वायरला लोंबकळणारे दिवे. आमचे हे सगळा जन्म अशाच छपराखाली होते, छापखान्यात मशीनवर. संध्याकाळी तिथून सुटायची किती घाई असायची त्यांना. लोक आता मुद्दाम पदरमोड करून छापखान्यात राहायला जातात म्हणे. तिसऱ्याचं नाव मला उच्चारता येईना, थंडीच्या देशांतली पद्धत होती ती. फिकट लाकूड, फिकट पडदे, फिकट गालिचा. मी त्याला 'फिक्कं' म्हणायला लागले, आणि दोन दिवसांत चित्रवालीही फिक्कं म्हणायला लागली. सून पहिल्यापासून तेच करू या म्हणत होती. चौथं 'क्लासिक'. काळपट चकचकीत लाकूड, खुर्च्यांना वाकडे पाय, पडद्यांना झालरी आणि गोंडे, छताला झुंबर. ते तिनं सगळ्यांत खाली ठेवलं होतं, कुणी मागितलंच तर असू द्यावं म्हणून.

मला चारही सारखीच. फक्त एक गोष्ट मी बघितली. पहिल्या तिन्ही चित्रांत स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये भिंत नव्हती.

"आता सगळे ओपनच करतात," चित्रवाली म्हणाली. "किती उजेड येईल बघा. तुम्ही एकट्या आत कोंडून राहणार नाही."

आमच्या घरात ती भिंत आहे, आणि दार अगदी कोपऱ्यात. ओट्याशी उभं राहिलं की हॉल दिसत नाही, नुसता ऐकू येतो. पलीकडच्या बाजूला ह्यांची खुर्ची. मशीनच्या आवाजानं ह्यांचा एक कान गेलेला आणि दुसरा त्याच वाटेवर, त्यामुळे मी इकडून ओरडायची आणि हे तिकडून "हं" म्हणायचे. ऐकून म्हणायचे की न ऐकता, देव जाणे. आमची भांडणंसुद्धा भिंतीतूनच व्हायची. समोरासमोर भांडलो असतो तर कधीतरी हसू आलं असतं.

हे गेले त्यानंतरची गोष्ट. दुपारची वेळ होती, मी डबे पुसत होते. सवयीनं तोंडातून गेलं, "ऐकलंत का, गॅस संपत आलाय."

पलीकडून आवाज आला, "हं."

मी काही खुळी नाही. हे गेलेत ते मला ठाऊक होतं. दुपारी हॉलमध्ये सून बसलेली असते तेही ठाऊक होतं. कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी ऐकण्याची तिची नोकरी आहे, कानाला यंत्र लावून घरूनच करते. पण ठाऊक असणं वेगळं आणि बघणं वेगळं. मी दारापर्यंत गेले नाही. कोण म्हणालं ते विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही. नुसतं पुढचं बोलले. "त्या गॅसवाल्याला फोन करायचा तर मला नंबर सापडत नाही." पुन्हा हं. मग रोज दुपारी. मुलगा कामावर गेलेला असायचा. बाकीच्या वेळी मी तोंड मिटून असायची आणि लोक म्हणायचे, बाईनं धसका घेतलाय.

सुनेनं आणि मी याबद्दल एकमेकींपाशी चकार शब्द काढला नाही. आणि आता ही अंगठ्यांची पोरगी ती भिंत पाडायला निघाली होती. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार. मी मेलेल्या नवऱ्याशी बोलते असं मी मुलाला सांगू? त्यापेक्षा अख्खं घर पाडलं तरी बेहत्तर.

"चित्रांवरून कळत नाही," सून म्हणाली. "आपण खरी घरं बघून येऊ. आईंना घेऊन."

सुट्टीच्या दिवशी मला गाडीत घातली आणि नवरी बघायला निघाल्यासारखे घरं बघत हिंडलो.

पहिलं मुलाच्या मित्राचं. मिनिमल. कपाटांना मुठी नाहीत, कड्या नाहीत, सगळीकडे नुसती पांढरी भिंत. मी पाणी मागितलं तर त्यानं भिंत दाबली, भिंत उघडली, आत पाणी. दुसरी भिंत दाबली, आत पेले. मला बाथरूमला जायचं होतं. मी दाबली ती भिंत चपलांची निघाली. त्याची बायको मागून आली आणि हळूच म्हणाली, "या मावशी, इकडून." जाता जाता एका खोलीचं दार किलकिलं करून दाखवलं. आत छतापर्यंत सामान. जुन्या गाद्या, पंखे, पोरांची खेळणी, कपड्यांच्या राशी, आणि मधोमध एक मोडकी खुर्ची.

"इथे कोण बसतं?"

"मी," ती म्हणाली. "चहा प्यायला."

दुसरं सुनेच्या मैत्रिणीचं, इंडस्ट्रियल. तिथे आवाज घुमतो. मी शिंकले तर ते तीन वेळा ऐकू आलं. मैत्रीण म्हणाली, आम्ही नवराबायको आता हळू बोलायला शिकलोय. मी म्हणाले, म्हणजे भांडायचं झालं तर खाली रस्त्यावर जाता का? ती हसली, पण नवऱ्याकडे बघून हसली नाही.

तिसरं चित्रवालीचं स्वतःचं, फिक्कं. खोटं कशाला बोलू, त्या घरात मला बरं वाटलं. बरं म्हणजे काय, बसले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगावर लोकरीचं काहीतरी घातलेलं होतं आणि समोर ओट्याशी चित्रवाली कॉफी ढवळत होती. मधे काही नाही. ती मला बघत होती, मी तिला.

"उठलात? साखर किती?"

"डब्यात किती उरलीय?"

"म्हणजे?"

"काही नाही. घाल चमचाभर."

तिला बोलताना ओरडावं लागत नव्हतं. आणि मी काही बोलले की ती तोंड वर करून बघायची. मी अंगावरचं बाजूला सारून उठले. या घरात माणूस आहे की नाही ते लगेच कळतं.

शेवटचं घर धाकटीचं, म्हणजे माझ्या धाकट्या जाऊबाईंचं. तिच्याकडे जायची खरं तर कुणाचीच इच्छा नव्हती, पण तिला कुठून तरी कळलं होतं. आमचं दोघींचं लग्न झाल्यापासून जमत नाही. मी जे करीन त्याच्या दुप्पट तिनं करायचं आणि ते मला बोलावून दाखवायचं. सोफ्याला सोनेरी पाय, सोफ्यावर दुकानातलंच प्लास्टिक अजून तसंच. बसलं की चर्र वाजतं आणि उठलं की पाठ चिकटते. मी नेहमी म्हणायची, तिच्याकडे गेलं की दाराशी तिकीट काढावंसं वाटतं.

"बसा, बसा, ताई!" धाकटी आतून ओरडली. "मी आलेच!"

ती दिसत नव्हती. मधे जाडजूड भिंत, दार, दाराला पडदा, पडद्याला गोंडे. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि तिचा. "दूध ठेवलंय हो! कशी आहे तब्येत?" कोण बोलतंय ते दिसत नव्हतं. मी प्लास्टिकवर बसून त्या भिंतीकडे बघत राहिले.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मुलानं विचारलं, "मग, आई?"

"धाकटीसारखं," मी म्हणाले.

त्याचा घास हातातच राहिला. "कुणासारखं?"

"बहिरा झालास का बापासारखा? धाकटीसारखं. क्लासिक."

"अगं, तूच म्हणायचीस तिकीट काढावंसं वाटतं."

"म्हणायची. आता आवडलं."

"काय आवडलं त्यातलं?"

त्या घरातली एक वस्तू आठवेना. मी म्हणाले, "झालर."

मग मुलाचा चेहरा असा फुलला की मला त्याची कीव आली. आईनं इतक्या दिवसांनी काही मागितलं होतं. मग झालर तर झालर. त्यानं तिथल्या तिथे चित्रवालीला फोन लावला. ताट उचलताना सुनेनं एकदा भिंतीकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा फोन. आवाजात साखर नुसती. "ताई, शेवटी पटलं ना? मी तेव्हाच म्हणत होते. गोंडे मात्र मी नेते तिथूनच घ्या हं, दुसरीकडे हलके मिळतात." मी ऐकून घेतलं. एरवी मी तिला फोनमधून बाहेर ओढली असती. राग यायला पाहिजे तिथे नुसती बधिर जागा होती, इंजेक्शन दिलेल्या दातासारखी. बोट लावून बघावं, आहे तर खरा, पण आपला नाही.

दुपारी मी बटाटे सोलत होते. सून आत आली. कानाचं यंत्र तिनं गळ्यात उतरवलं होतं, आणि त्यातून बारीक गाणं वाजत होतं. तक्रारवाल्याला गाण्यावर थांबवून आली होती.

"आई, तुम्हाला झालर नकोय."

"मला काय हवं ते आता तू सांगणार?"

"तुम्हाला भिंत हवीय."

मी बटाटा सोलत राहिले.

"पहिल्यांदा चुकून गेलं तोंडातून," ती म्हणाली. "कानात एक बाई ओरडत होती, मशीनमधून पाणी गळतंय म्हणून. तिला हं हं करत होते, त्यातच तुम्ही गॅसचं काहीतरी म्हणालात, त्यालाही हं गेलं. वाटलं आता तुम्ही बाहेर येऊन झापणार. तर तुम्ही पुढचं बोललात. इतके दिवस कुणाशी बोलत नव्हता. मग मला थांबताच येईना."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"मग आजच काय काटा मोडला?"

ती ओट्याला टेकली. माझ्याकडे न बघता बोलली. "परवा तुम्ही बाबांना विचारलंत, 'माझी वेळ आली की मला न्यायला याल ना?' आणि मी हं म्हटलं."

गळ्यातलं गाणं वाजत होतं.

"तोंडातून गेलं आणि मग कळलं मला. फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करतोय, मला ऐकू येईना. बाबांच्या वतीनं मी काय कबूल करून बसले? आणि नसतं म्हटलं तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

"मग नाही म्हणायचं होतंस."

"बाबा नाही म्हणाले असते?"

मी विचार केला. "त्यांना ऐकूच आलं नसतं," मी म्हणाले. "हं म्हणून पेपर उलटला असता."

तिला हसू आलं की रडू ते मला कळलं नाही. तिनं नाक पुसलं. "दिवसभर मी लोकांना हं म्हणते, ती माझी नोकरी आहे. हे नाही हो मला जमत. भिंत गेली की मी दिसेन तुम्हाला. मग मला बाबांसारखं करावं लागणार नाही. म्हणून मी फिक्कं फिक्कं करत होते. नाहीतर मला कुठलंही चालतंय. झुंबराखाली पण राहीन मी."

मी स्वतःत राग शोधला. साखरेच्या डब्यात चमचा घालून तळ खरवडावा तसा शोधला. नव्हता. हातातला बटाटा बघितला तर सोलून सोलून लिंबाएवढा झाला होता.

"जा," मी म्हणाले. "तुझा माणूस खोळंबलाय तिथे गाणी ऐकत."

ती गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिचं बोलणं ऐकू आलं, मग ते संपलं. शांत झालं. मी हात धुतले, कोरडे केले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलंत का?"

काही नाही.

"अहो, ऐकलंत का? पोरगी घाबरली."

पलीकडे खुर्ची करकरली. म्हणजे ती होती तिथेच, आणि तोंड दाबून बसली होती. मी थांबले. पाणी उकळायला लागलं, झाकण थडथडलं. मी तशीच उभी. भिंत होती, चांगली जाड, धड, कुठे तडासुद्धा नाही. पण पलीकडे कुणी नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं की भिंतीनं ह्यांना धरून ठेवलंय. भिंतीनं काही धरलं नव्हतं. त्या पोरीनं धरलं होतं, एका कानात लोकांची गळकी मशीनं घेऊन.

मी गॅस बारीक केला आणि बटाटे टाकले.

चित्रवाली झालरीचे नमुने घेऊन आली तेव्हा मी म्हणाले, "ते गुंडाळ. फिक्कं करायचं. भिंत पाडायची."

तिनं मुलाकडे बघितलं. मुलानं कपाळाला हात लावला. "आई, नक्की काय? अगं, गोंड्यांची ऑर्डर गेली!"

"धाकटीकडे पाठव. तिच्याकडे अजून कुठेतरी लटकवायला जागा असेल. आणि हे बघ गं पोरी, माझे डबे कुठल्या भिंतीत दडवायचे नाहीत. डोळ्यांसमोर हवेत, झाकणावर झाकण. फिकट दिसले नाहीत तर नाही दिसले."

"हो काकू," ती म्हणाली आणि घाईघाईनं नमुने पिशवीत कोंबले, मी पुन्हा मत बदलायच्या आत. सून दारात उभी होती. खाली पडलेला एक नमुना तिनं उचलून पिशवीत टाकला. आमचं काही एकदम गळ्यात गळा घालण्यातलं नव्हतं.

भिंत पाडायच्या दिवशी मुलगा म्हणाला, धाकटीकडे जाऊन बस, घरात धूळ होईल. मी म्हणाले, प्लास्टिकवर बसण्यापेक्षा धूळ बरी. ओट्यावर जुन्या चादरी घातल्या, डब्यांना फडकी बांधली आणि स्वयंपाकघरातच उभी राहिले. ह्यांची खुर्ची मुलानं आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती.

गवंड्यानं हॉलच्या बाजूनं सुरुवात केली. पहिल्या घावाला डबे हादरले. दुसऱ्याला गिलावा सुटला आणि माझ्या पायांवर सांडला. मी वाट बघत होते की आता काहीतरी होईल, छातीत, पोटात, कुठेतरी. नुसते पाय पांढरे झाले. मग एक वीट आतल्या बाजूला ढकलली गेली, ओट्यावर पडली, आणि भिंतीला ताटलीएवढं भोक पडलं. त्यातून उजेड आला आणि धुळीचा लोट.

धूळ बसल्यावर मी वाकून बघितलं. पलीकडे सून उभी होती. नाकावर फडकं, पापण्या पांढऱ्या, कान दोन्ही हातांनी झाकलेले.

"आई, मागे व्हा ना," ती ओरडली. "डोळ्यांत जाईल."

"तू हो मागे."

"तुम्ही आधी."

"मी माझ्या स्वयंपाकघरात उभी आहे. तू कशाला आलीस तिथे? नोकरी नाही का आज?"

"रजा घेतलीय."

"कशाला?"

"असंच."

गवंडी हातोडा खाली टेकवून एकदा भोकातून माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होता. "बाई, दोघीही जरा सरका की," तो म्हणाला. "मला इथली पुढची वीट काढायचीय."

कुणीच सरकलं नाही. थोडा वेळ त्यानं वाट बघितली, मग शिडी ओढून घेतली आणि वरच्या कडेनं फोडायला लागला.